पीटीसी सिरॅमिक रूम हीटर, दोन हिवाळे वापरून: आतल्या चकतीसकट रिव्ह्यू

निफाडला डिसेंबर-जानेवारीत काय थंडी पडते ते आमच्या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पेपरात गावाचं नाव येतं आणि इकडे द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटतात. घरात आई आहे, ७८ वर्षांची, गुडघे धरलेले, पहाटे चार वाजता तिला उठवत नाही की पाय टेकवत नाही, त्यामुळे हीटर ही आमच्याकडे चैन नाहीये, तो लागतोच. दोन हिवाळे मी एक पीटीसी सिरॅमिक फॅन हीटर वापरलाय (पीटीसी म्हणजे पॉझिटिव्ह टेंपरेचर कोइफिशंट, तापलं की विजेला जास्त रोध करणारं मटेरियल), १५०० वॅटचा, साधारण अडीच हजारांना मिळाला, आणि त्याबद्दल मला नीट, सविस्तर लिहायचंय कारण ऑनलाइन जे रिव्ह्यू वाचले त्यात "छान आहे", "गरम होत नाही", "पैसे वाया" एवढंच सापडलं, आत काय आहे ते कोणीच लिहीत नाही. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते आतल्या चकतीबद्दल आहे आणि ती चकती बऱ्याच कंपन्यांच्या हीटरमध्ये असते.

आधी घरात कॉईलवाला फॅन हीटर होता, नायक्रोमची तार, मागे पंखा, बस. एका रात्री त्याचा पंखा अडकला. आई झोपेत होती, मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत बसलेलो, आणि जळकट वास आला म्हणून धावत गेलो तर तार लालभडक, पुढची प्लॅस्टिकची जाळी मेणासारखी लोंबलेली आणि कॉटवरून खाली आलेलं गोधडीचं टोक तपकिरी पडलेलं. आत थर्मल कटआउट होता, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणारा स्विच, तो नंतर उघडून बघितला तर त्याचे पॉईंट चिकटून बसले होते. आईला काही झालं नाही. पण त्यानंतर मी रात्री दोन-दोनदा उठून बघायचो आणि त्या हिवाळ्यात उरलेले दिवस आईने हीटर न लावता काढले.

का झालं ते समजायला सोपं आहे. नायक्रोमच्या तारेचा रोध गार असताना जेवढा, लालभडक झाल्यावरही जवळपास तेवढाच, फार तर पाच-सात टक्के वाढतो, म्हणजे तिला आपण किती तापलोय याची काही खबरच नसते, पंखा बंद पडला तरी ती १५०० वॅट ओढतच राहते आणि ती उष्णता जायला जागा नसली की तापत सुटते. सगळी भिस्त त्या पन्नास पैशांच्या कटआउटवर.

म्हणून पुढच्या वर्षी नाशिकला जाऊन पीटीसीवाला शोधला. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, दुकानात "सिरॅमिक हीटर" मागू नका, "पीटीसी" मागा. मला पहिल्या दुकानात जो सिरॅमिक म्हणून दाखवला त्यात सिरॅमिकच्या सांगाड्यावर तीच आपली नायक्रोमची तार गुंडाळलेली होती, दुकानदार म्हणाला "सर, सिरॅमिकच आहे ना हे", आणि त्याचंही चूक नाही, सांगाडा सिरॅमिकचाच होता. पण तिथे सिरॅमिक नुसतं तार धरून बसलंय, वीज त्यातून जात नाही. पीटीसीमध्ये वीज सिरॅमिकमधूनच जाते, तापतं तेच आणि आवरतंही तेच. ओळखायचं कसं, तर जाळीतून आत टॉर्च मारून बघा, ॲल्युमिनियमच्या बारीक नागमोडी पट्ट्यांचा ब्लॉक दिसला, गाडीच्या रेडिएटरसारखा, आणि चालू केल्यावर काहीही लाल झालं नाही तर पीटीसी. चकत्या त्या पट्ट्यांच्या मध्ये दाबून बसवलेल्या असतात. आईने पहिल्या दिवशी विचारलंच, "अरे, यात इस्तव कुठंय? एवढं थंडगार दिसतंय, हे काय गरम करील?"

करतं. दहा बाय बाराची खोली, दार लावलेलं, बाहेर आठ अंश, तर पंधरा-वीस मिनिटांत स्वेटर काढावा वाटेल इतपत होते. हॉलसाठी घेत असाल तर नका घेऊ, १५०० वॅटमध्ये हॉल तापत नाही, कुठल्याच हीटरने.

आता खरी मजा. मी प्लगमध्ये वॅटमीटर लावून बघतो, सवय आहे, कॉलेजात फिजिक्स शिकवतो. कॉईल हीटर चालू केला की मीटर लगेच एका आकड्यावर जातो आणि तिथेच बसतो. हा चालू केला तर सुरुवातीला हजाराच्या आसपास, मग आठ-दहा सेकंदांत चढत चढत सतराशेच्या वर, आणि मग आपसूक उतरत चौदाशेऐंशीला येऊन स्थिर. मी काही हात लावला नव्हता, थर्मोस्टॅट फुल्लवर होता. तुमच्या हीटरमध्ये खरंच पीटीसी आहे का ते बघायची याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही.

दुसरी परीक्षा मी ओसरीवर केली, अंगणाचा नळ शेजारी, स्वतः समोर बसून, आणि ही घरात कोणी करू नका. मागच्या जाळीवर पुठ्ठा धरला, म्हणजे हवा येणं बंद. मीटर चौदाशेवरून हजार, हजारवरून सहाशे, आणि दोनेक मिनिटांत तीनशेच्या खाली. पुठ्ठा काढला, परत चढला. कटआउट पडला नव्हता, कुठला स्विच बंद झाला नव्हता, पंखा चालूच होता. चकतीने स्वतःहून वीज कमी घेतली कारण उष्णता जायला वाट नव्हती. त्या रात्री आमच्या जुन्या हीटरमध्ये ही चकती असती तर गोधडी जळली नसती, हे मी अगदी छातीवर हात ठेवून सांगतो.

तर ही चकती आहे काय. बेरियम टायटॅनेट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिका, रशिया, जपान तिकडे वेगवेगळ्या लोकांनी एकमेकांना न सांगता हे मटेरियल शोधलं, तेव्हा सगळ्यांना कपॅसिटरसाठी हवं होतं कारण ते उत्तम इन्सुलेटर आहे. हो, इन्सुलेटर. शुद्ध बेरियम टायटॅनेटची गोळी केली आणि मीटर लावला तर काही दाखवत नाही. मग त्याच्यातून वीज जाते कशी, तर त्यात मुद्दाम खोट घातलेली असते, आणि सगळी करामत त्या खोटीच्या मापात आहे.

मी एम.एस्सी.ला असताना प्रोजेक्टमध्ये या गोळ्या केल्या होत्या म्हणून हे हाताने बघितलेलं सांगतोय. बेरियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड खलबत्त्यात तासन्‌तास घोटायचं, भाजायचं, परत घोटायचं, गोळ्या दाबायच्या आणि साडेतेराशे अंशांच्या भट्टीत टाकायच्या. साध्या गोळ्या बाहेर येतात त्या सायीच्या रंगाच्या. त्यातच लॅन्थॅनम नावाचं मूलद्रव्य घातलं, हजार बेरियममागे फक्त दोन-तीन अणू, की त्याच भट्टीतून गोळी निघते निळसर करडी, पाटीच्या रंगाची. पहिल्यांदा क्रुसिबलचं झाकण काढून तो रंग बघितला तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण नुसत्या रंगावरून कळत होतं की आत इलेक्ट्रॉन मोकळे झालेत. बेरियम दोन इलेक्ट्रॉन देतो, लॅन्थॅनम तीन. बेरियमच्या जागेवर लॅन्थॅनम जाऊन बसला की एक इलेक्ट्रॉन जास्तीचा होतो, तो टायटॅनियमच्या अणूंवरून फिरायला लागतो, आणि इन्सुलेटरचा सेमिकंडक्टर होतो.

आणि हे विरजणासारखं आहे, जास्त घातलं म्हणजे जास्त चांगलं लागतं असं नाही. अर्धा टक्का, एक टक्का लॅन्थॅनम घातलं की गोळी परत इन्सुलेटरकडे जायला लागते. पहिल्यांदा मला वाटलं माझं वजन करताना चुकलं. चुकलं नव्हतं. प्रमाण वाढलं की क्रिस्टल हिशोब जुळवायची पद्धतच बदलतो, जास्तीचा चार्ज भरून काढायला इलेक्ट्रॉन मोकळा सोडण्याऐवजी तो धातूच्या अणूंच्या जागा रिकाम्या ठेवतो, म्हणजे एका खोटीला दुसऱ्या खोटीने फेडतो, आणि फिरायला इलेक्ट्रॉन उरतच नाही. बरं, नको ती खोट असेल, म्हणजे कच्च्या मालात लोखंड वगैरे आलं, तर ते लॅन्थॅनमने दिलेले इलेक्ट्रॉन गिळून टाकतं. पुस्तकात दोन्हीला अशुद्धीच म्हणतात, पण एक मोजून घातलेली आणि एक घुसलेली, आणि स्वस्तातल्या चकत्या एका लॉटला एक आणि दुसऱ्या लॉटला दुसरंच का वागतात त्याचं एक मोठं कारण हे घुसलेलं सामान.

पण एवढ्याने फक्त वीज वाहते, तापल्यावर आवरती कशी घेते ते अजून आलं नाही. त्यासाठी शेताकडे बघा. सिरॅमिक म्हणजे एकसंध काच नव्हे, ते बारीक बारीक दाण्यांचं बनलेलं असतं, एकेक दाणा केसाच्या जाडीपेक्षाही लहान, एकेक वावर म्हणा, आणि दोन वावरांच्या मध्ये बांध. लॅन्थॅनममुळे वावरात पाणी, म्हणजे इलेक्ट्रॉन, खेळतं. बांधावर काय होतं तर भट्टी गार होत असताना हवेतला ऑक्सिजन दाण्यांच्या कडेकडेने आत शिरतो, दाण्याच्या पोटापर्यंत पोचायला त्याला वेळ नसतो, आणि त्या कडेला तो इलेक्ट्रॉन पकडून बसतो, त्यामुळे बांधावर ऋण चार्ज साठतो आणि पलीकडे जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला चढ लागतो. आता गंमत अशी की बेरियम टायटॅनेट १२० अंशांच्या खाली फेरोइलेक्ट्रिक असतं, त्याच्या दाण्यांत आपसूक ध्रुवण असतं, म्हणजे एक बाजू धन आणि दुसरी ऋण, ते बांधावरचा हा चार्ज बराचसा झाकून टाकतं, बांध सपाट झाल्यासारखा, पाणी आरामात जातं. हे १२० अंश म्हणजे त्याचं क्युरी तापमान, ते ओलांडलं की ध्रुवण गेलं, चार्ज झाकणारं कोणी राहिलं नाही, आणि वीसेक-तीसेक अंशांच्या पट्ट्यात बांध एकदम उंच होतो, रोध हजारपट, लाखपटसुद्धा. आमच्याकडे रात्री लाइट आली की शेतकरी दारं धरायला जातो, एक वाफा भरला की फावड्याने माती ओढून दार बंद, पुढचं उघडं. इथे चकतीच्या आत लाखो बांध आहेत आणि प्रत्येकजण आपलं दार स्वतः धरतोय, तेही फक्त तापमान बघून.

फिलिप्समध्ये हायमान, डाम आणि क्लासेन्स यांनी हा परिणाम दाखवला, त्याचं जर्मन पेटंट १९५५ चं आहे, आणि बांधाचं हे गणित हेवांग यांनी १९६१ मध्ये मांडलं, नंतर योंकर यांनी १९६४ मध्ये त्यात ध्रुवणाचा भाग घातला. म्हणजे साठेक वर्षं झाली, तरी कुठल्या खोक्यावर याबद्दल एक ओळ नसते, "फास्ट हीटिंग टेक्नॉलॉजी" लिहून मोकळे.

ऑक्सिजनचं मी जे म्हटलं ते माझ्या प्रोजेक्टमध्ये मला फार महागात पडून कळलं. एका लॉटमध्ये घाई होती, गोळ्या भट्टीतून गरम असतानाच काढून घेतल्या. मीटरवर रोध मस्त कमी आला, आम्ही खूश, आणि तापवून बघितलं तर रोध वाढेचना. दोन महिने डोपिंगचं, म्हणजे मुद्दाम घालायच्या खोटीचं, प्रमाण बदलत राहिलो. सरांनी फक्त एवढंच विचारलं, "गार किती वेळात केल्या रे?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की बांध तयार व्हायला वेळच दिला नव्हता. तेच प्रमाण, तीच भट्टी, सावकाश गार केल्या आणि वक्र असा काही वर गेला की ग्राफ पेपर बदलावा लागला, लॉगवाला घ्यावा लागला. त्यात मॅंगनीज अगदी चिमूटभर, लॅन्थॅनमच्याही दहावा हिस्सा घातलं तर उडी अजून उंच जाते, कारण तेही बांधावर इलेक्ट्रॉन पकडायला बसतं.

आता तुम्ही म्हणाल १२० अंशाला थांबणारी चकती खोली काय तापवणार. त्यावरही खोटच कामाला येते. थोड्या बेरियमच्या जागी शिसं घातलं की क्युरी तापमान वर सरकतं, हीटरसाठी २०० अंशांच्या पुढे नेतात, आणि स्ट्रॉन्शियम घातलं की खाली येतं. म्हणजे किती अंशाला दार बंद व्हावं ते भट्टीत जायच्या आधी ठरवता येतं. शिसं म्हटल्यावर घाबरू नका, ते क्रिस्टलमध्ये बांधलेलं असतं, हवेत येत नाही, पण बिघडलेल्या हीटरच्या चकत्या फोडून पोरांना खेळायला देऊ नका आणि भंगारात टाकायच्या ऐवजी ई-कचऱ्यात द्या.

हे सगळं घरी बघायचं असेल तर हीटर उघडायची गरज नाही. डासांच्या लिक्विडचं जुनं मशीन असतं ना, त्यात एक शर्टाच्या बटणाएवढी करडी गोळी असते, दोन्ही बाजूंना चंदेरी लेप दिलेली, ती पीटीसीच. मी बारावीच्या पोरांसमोर ती काढली, दोन्ही बाजूंना तारा लावल्या, फक्त मल्टिमीटरला जोडली, मेनला अजिबात नाही, आणि ओटीजी ओव्हनमध्ये ठेवून शेजारी तापमान मोजायला थर्मोकपल ठेवलं. खोलीच्या तापमानाला साडेतीन किलोओहम. तापत गेली तसा आधी थोडा कमी झाला, अडीचपर्यंत आला, पोरं म्हणाली "सर, उलटं होतंय", मी म्हटलं थांबा. सव्वाशे पार झालं आणि आकडे पळायला लागले, तीन, आठ, चाळीस, दोनशे, मग मीटरने स्वतःच रेंज बदलून मेगाओहम दाखवायला सुरुवात केली आणि दीडशेच्या पुढे तर नुसतं ओव्हरलोड. दार उघडलं, गोळी गार झाली, परत साडेतीन. एक मुलगी मागून म्हणाली "सर परत लावा", आणि तिसऱ्यांदा लावलं तेव्हा सगळी जण आकडे मोठ्याने वाचत होती. हीटर चालू करताना मीटर आधी वर जातो आणि मग उतरतो त्याचं कारणही यातच आहे, रोध आधी जरा कमी होतो आणि मग वाढतो.

याच घराण्यातले अजून दोन तुमच्या घरात आहेतच, एक म्हणजे स्पाइक गार्डमधला झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर, व्होल्टेज फार चढलं की वीज वाहू देणारा, त्यात बिस्मथ घालून बांध करतात आणि एकेका बांधावर साधारण तीन व्होल्ट झाले की तो फुटून वाट देतो, म्हणजे जाडी वाढवली, बांध जास्त, व्होल्टेज जास्त, इतकं सरळ. आणि मोबाइलमधले ते खसखशीएवढे कपॅसिटर, तेही बेरियम टायटॅनेटचेच, फक्त तिथे उलटी चिंता, ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा व्होल्टेजखाली सरकत जाऊन गळती व्हायला नको म्हणून डिस्प्रोसियम, होल्मियम असली खोट घालतात. असो, हीटरकडे येतो.

ग्रामीण भागातल्या लोकांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट ही की याला व्होल्टेजचं फार कौतुक नाही. आमच्याकडे शेतीपंप सुरू झाले की घरात १९०-१९२ व्होल्ट येतं. कॉईलचा हीटर २३० ला १५०० वॅट देत असेल तर १९२ ला साधारण १०५० च देतो, नुसतं वर्गाचं गणित आहे, आणि नेमकं थंडीतच हे होतं. पीटीसी मात्र १९२ व्होल्टला माझ्या मीटरवर साडेतेराशेच्या खाली आला नाही. व्होल्टेज कमी झालं की चकती जराशी गार व्हायला बघते, गार झाली की रोध उतरतो, रोध उतरला की करंट वाढतो, परत जागेवर. पहाटेच्या लो व्होल्टेजमध्ये आईच्या खोलीतला गरमपणा टिकतो तो यामुळे, आणि मला विचाराल तर अडीच हजार रुपये याच एका गोष्टीसाठी वसूल झाले.

तक्रारी आहेत, त्याही सांगतो. पहिला पीस महिनाभरात स्विचमुळे बंद पडला. सर्व्हिसवाल्याने फोनवर सांगितलं "कॉईल गेली असेल, बदलून देतो", मी म्हटलं अहो यात कॉईलच नाहीये, तर त्याला ते माहीत नव्हतं. जो माणूस दुरुस्त करायला बसलाय त्याला आपण काय विकतोय ते कंपनीने सांगायला नको का? १२ दिवसांनी बदलून मिळाला, तोपर्यंत थंडीची एक लाट येऊन गेली. चकतीवर एवढी मेहनत झालेली असते आणि तिच्या भोवती स्विच, वायर, पंख्याचं बुश हे सगळं कमीत कमी पैशात बसवतात याचा मला राग येतो. दुसऱ्या हिवाळ्यात पंखा कुरकुरायला लागला, तेल देऊन पाहिलं, आठ दिवस बरा होता आणि मग परत तेच. प्लगच्या पिना पहिल्याच आठवड्यात गरम लागत होत्या, ते मात्र आमच्या सॉकेटचं होतं. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, चालू होताना त्याहून जास्त, त्यामुळे सहा अँपिअरच्या छोट्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर पिन लावून चालवायचा नाही, एक्स्टेंशन बोर्डावर तर नाहीच, सोळा अँपिअरचा पॉईंट काढून घ्या. मी वायरमनकडून काढून घेतला तेव्हा थांबलं.

ऑनलाइन जी सगळ्यात जास्त तक्रार दिसते, "दोन महिने चांगला चालला मग गरमच होत नाही", त्यातल्या बऱ्याच जणांनी मागची जाळी कधी उघडली नसावी असं मला वाटतं. आमच्याकडेही झालं. धूळ, गोधडीचा कापूस, सगळं जाळीवर बसलं, हवा कमी झाली आणि मीटरवर १४८० चे ११०० झाले. पुठ्ठ्याने मी जे केलं तेच धूळ हळूहळू करत होती. जाळी धुतली, १४५० वर आला. राहिलेले तीस वॅट कदाचित चकती जुनी होण्याचे असतील, वापरात थोडा फरक पडतोच. म्हणजे कॉईलचा हीटर धुळीने तुंबला तर पेटायची भीती आणि हा तुंबला तर नुसता मंद होतो, लोक त्यालाच बिघाड समजून एक स्टार देतात, ते वाचून मला वाईट वाटलं म्हणून खरं तर हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

खोक्यावरच्या दोन दाव्यांवर विश्वास ठेवू नका. एक, "ऑक्सिजन जाळत नाही". कुठलाच विजेचा हीटर ऑक्सिजन जाळत नाही, ऑक्सिजन कोळशाची शेगडी संपवते आणि वर विषारी वायू सोडते, बंद खोलीत ती कधीच ठेवू नका. दोन, "निम्मं वीज बिल". पीटीसी असो की कॉईल, एक युनिट विजेची एकच युनिट उष्णता होते, दीड हजार वॅट तासभर म्हणजे दीड युनिट, त्यात कोणी जादू करू शकत नाही. आमचं बिल थोडं कमी आलं ते खोली तापल्यावर आई स्वतः ७५० वर करते म्हणून.

आणि पीटीसी आहे म्हणून बिनधास्त कपडे वाळत घालू नका त्याच्यावर. चकती दोनशेच्या पुढे तापलेलीच असते, आवरतं घेतलं तरी गारठत नाही, आणि स्विच, वायर, पंखा ही बाकीची मंडळी काही स्वतःला आवरत नाहीत. आमच्याकडे कॉटपासून तीन फुटांवर फरशीवर खडूने रेघ मारलीय, हीटर रेघेच्या पलीकडे. बाथरूममध्ये हा मॉडेल चालणार नाही. कलंडला तर बंद होणारा स्विच आहे का ते दुकानातच आडवा करून बघा, माझ्यात आहे आणि चालतो. आयएसआय मार्क बघूनच घ्या.

कंपन्यांकडे माझी एकच मागणी आहे, खोक्यावर चकतीचं क्युरी तापमान किती आणि हवा पूर्ण अडली तर वॅट कितीवर येतो, हे दोन आकडे छापा. आमच्यासारख्याला त्यावरून लगेच कळेल की आत काय बसवलंय, आणि ज्याला कळणार नाही तो निदान विचारेल तरी.

चकतीला पाचपैकी पाच, बाकी हीटरला तीन, म्हणून चार. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीसाठी घेत असाल तर कॉईलच्या आधी हाच बघा. जाळी दर रविवारी काढून धुवायची, पूर्ण वाळली की मगच लावायची, आमच्याकडे ते काम आता आईनेच स्वतःकडे घेतलंय, सकाळी उन्हात बसून जुन्या टूथब्रशने करते.